तळघरातली टोळी आणि डोंगरावरचा ड्रॅगन

“नाताळाआधीच्या पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी, अख्ख्या बिल्डिंगच्या देखत, आम्ही तो ड्रॅगन मारून दाखवू! आणि मारला, तर ही खोली आमची. कायमची!”

असं म्हणून इंगेगेर्डने हातातला दालचिनीचा पाव तलवारीसारखा असा रोखला, की सोसायटीचा अध्यक्ष सिक्स्टेन दचकून एक पाऊल मागे सरकला. त्याच्या स्वेटरवर साखरेचे दाणे उडाले.

“आणि नाही मारलात तर?” साखर झटकत त्याने विचारलं.

“तर आण तुझी ती धावायची यंत्रं! आम्ही मुकाट्याने कपबशा गोळा करू आणि जाऊ.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण जरा जास्तच बोललो. पण पाव रोखलेला, शब्द सुटलेला आणि मागे तिघी मैत्रिणी टाळ्या वाजवत उभ्या! आता माघार कसली?

ही खोली म्हणजे काही राजवाडा नव्हता. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मायोर्ना भागातल्या एका जुन्या लाकडी इमारतीचं तळघर, शेजारी कपडे धुवायची यंत्रं, छताजवळ एक लांबट खिडकी. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. कोणाचं यंत्र कपडे पिळायला लागलं, की इकडे टेबलावरच्या बशा नाचायच्या. पण इंगेगेर्ड, गुन्वोर, बार्ब्रो आणि सोल्वेग या चौघी तिथे दर बुधवारी जमत आल्या होत्या. आधी विणकाम, मग पत्ते, मग नुसत्याच गप्पा. इंगेगेर्डचा नवरा एव्हर्ट गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी ती खाली आली नाही, तर तिघीजणी कॉफीची किटली, पाव आणि विणकाम घेऊन वर तिच्या दारात हजर! “चल खाली,” गुन्वोर म्हणाली होती, “इथे तुझ्या सोफ्यावर माझी पाठ धरते.” त्या दिवसापासून खोली म्हणजे इंगेगेर्डला घराहून जास्त घर.

आणि सिक्स्टेनला ती व्यायामासाठी हवी होती! त्याच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं होतं. बाहेर पाऊस असतो, म्हणून त्याला आत चालायचं होतं.

“तुम्ही तिथे करता तरी काय? कॉफी पिता!” तो म्हणाला होता.

“आम्ही खेळतो,” इंगेगेर्डने ठसक्यात सांगितलं होतं. आणि तिथूनच तो दालचिनीचा पाव वर गेला.

खेळत होत्या हे मात्र खरं. भाचीने जुना झाला म्हणून टाकून दिलेला खेळ इंगेगेर्डने खोलीतल्या टीव्हीला जोडला होता. पडद्यावर चार जणांची टोळी. एक पुढारी आणि तीन सोबती. जंगलं तुडवायची, चेटकिणींशी भांडायचं आणि शेवटी डोंगरावरचा ड्रॅगन मारायचा. धावपळ नाही, घाई नाही. एक वार आपला, एक वार त्यांचा. मध्ये कॉफी ओतून घ्यायला भरपूर वेळ! लढाई जिंकली की गुण मिळायचे आणि ते गुण कोणाच्या कुठल्या कौशल्यावर घालायचे, हे आपण ठरवायचं. हा तलवार चालवेल, ती आग फेकेल, तो कुलपं उघडेल, ती जखमांना मलम लावेल.

यात इंगेगेर्डचा हात धरणारं कोणी नव्हतं. एव्हर्टने ऐंशीच्या दशकात घरी पहिला संगणक आणला, तो एवढा जड, की ट्रामचा ड्रायव्हर म्हणाला होता, “या पाहुण्याचं वेगळं तिकीट काढा!” त्या काळी राक्षस म्हणजे चार हिरवे ठिपके. ते राक्षस आहेत हे आपणच मानायचं. एव्हर्ट चौकटींच्या कागदावर भुयारांचे नकाशे काढायचा, ती पेन्सिलींना टोक करून द्यायची. आणि त्याचा एक नियम होता, जो तो दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर सुनवायचा: “इंगेगेर्ड, एकाने मारायचं, एकाने सोसायचं, एकाने कुलूप उघडायचं, एकाने मलम लावायचं. चौघांनी चारही कामं केली, की चौघं मेले!”

मलम कायम इंगेगेर्डकडे. तीस वर्षं! एव्हर्ट तलवार घेऊन पुढे, ही मागून झोळी घेऊन. तिने कधी तक्रार केली नाही. पण तो गेल्यावर जेव्हा पहिल्यांदा एकटीने खेळ लावला, तेव्हा स्वतःच्या नावापुढे तिने सगळे गुण तलवारीवर ओतले आणि दिवसभर स्वयंपाकघरात शिट्टी वाजवत फिरली.

तर अशी ही अनुभवी बाई! तिने तळघरातल्या टोळीला मैत्रिणींची नावं दिली आणि प्रत्येकीचा स्वभाव बघून गुण वाटले. गुन्वोर, शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं डेग हलवलेली, खणखणीत आवाजाची. तिला ढाल आणि कुऱ्हाड. बार्ब्रोकडे चर्चच्या किल्ल्या असायच्या, म्हणून तिला कुलपं. सोल्वेग इस्पितळात परिचारिका होती, म्हणून तिला मलम. आणि तलवार? ती अर्थात इंगेगेर्डकडे.

टोळी सुसाट निघाली. चेटकिणी पळाल्या, दलदलीतले लुटारू शरण आले, स्वारी डोंगराच्या पायथ्याशी पोचली. सिक्स्टेनसमोर ती पाव रोखून उभी राहिली, ती याच जोरावर.

आणि नेमकं त्याच बुधवारी बार्ब्रोने चष्मा लावला.

आतापर्यंत ती विणकामाच्या चष्म्यातून बघत होती, त्यातून टीव्ही म्हणजे नुसतं रंगीत धुकं. त्या दिवशी तिने लांबचा चष्मा लावला आणि पडद्यावर स्वतःच्या नावाखाली लिहिलेलं वाचलं.

“इंगेगेर्ड,” ती थंड आवाजात म्हणाली, “हे माझ्या नावाखाली ‘चोर’ असं का लिहिलंय?”

“अगं, ते फक्त खेळातलं नाव! कुलपं उघडणाऱ्याला चोर म्हणतात.”

“मी! चर्चच्या किल्ल्या ज्या बाईने आयुष्यभर उशाखाली ठेवल्या, ती चोर?”

“म्हणून तर तुला दिलं! किल्ल्यांची तुला सवय.”

“बघा! सवय म्हणते!”

“आणि मी ग काय आहे?” गुन्वोरने पुढे वाकून पाहिलं. “‘मार खाणारी’? सगळ्यांच्या पुढे उभं राहून मी मार खायचा? का? मी रुंद आहे म्हणून?”

“अगं, तू खंबीर आहेस म्हणून!”

“खंबीर म्हणजे रुंदच! माझे कपडे शिवणाऱ्या बाईनेही हाच शब्द वापरला होता.”

सोल्वेग कधीच पटकन बोलायची नाही. तिने विणकामाचे दोन टाके घातले आणि मग हळूच म्हणाली, “मी आयुष्यभर लोकांना पट्ट्याच बांधल्या ग. मला एकदा तरी काहीतरी पेटवायचं होतं.”

झालं! कॉफी निवली. शेजारचं यंत्र कपडे पिळायला लागलं आणि त्या खडखडाटात चौघी एकमेकींकडे न बघता बशांकडे बघत बसल्या.

आता दुसऱ्या कुठल्या देशात बायका भांडल्या असत्या, दारं आपटली असती आणि संध्याकाळपर्यंत गोड झाल्या असत्या. या चौघींनी तसलं काही केलं नाही. त्यांनी सभा बोलावली!

सभा म्हणजे रीतसर सभा. बार्ब्रो अध्यक्ष, सोल्वेग कार्यवाह, आणि इतिवृत्त बरोबर लिहिलंय की नाही हे तपासायला दोन सभासद, गुन्वोर आणि इंगेगेर्ड. झाल्या चार! साधी सभासद म्हणून खाली बसायला कोणी उरलंच नाही. आधी कॉफी, मग विषय.

“प्रत्येकीला सगळं सारखं,” अध्यक्षांनी ठराव मांडला. “सारखी तलवार, सारखी आग, सारखी कुलपं, सारखं मलम. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.”

“अगं, असं नसतं ग या खेळात!” इंगेगेर्डने टेबलावर हात आपटला. “एकाने मारायचं, एकाने सोसायचं...”

“पुढारी कोण आहे?” गुन्वोरने मध्येच विचारलं.

“मी.”

“का?”

‘मी इतरांहून वरचढ’ असं म्हणणं जिथे पाप, त्या मातीत वाढलेली इंगेगेर्ड! ‘मला जास्त येतं म्हणून’ असं म्हणायला तिची जीभ रेटेना. असं वाक्य तिच्या आईने तिला लहानपणी एकदाच म्हणू दिलं होतं, आणि त्या रात्री जेवणात गोड मिळालं नव्हतं. तिने मुकाट्याने तपासनीस म्हणून सही केली. ठराव पास, तीन विरुद्ध एक.

डोंगराच्या पायथ्याशी खेळात एक विहीर होती. तिचं पाणी प्यायलं, की माणूस शिकलेलं सगळं विसरायचा आणि त्याचे गुण परत हातात यायचे. नव्याने वाटायला! टोळीने रांगेत उभं राहून पाणी प्यायलं. गुण परत आले. सोल्वेगने जशी आयुष्यभर औषधाची मात्रा मोजली, तशी ते चौघींत थेंबाथेंबाने वाटले.

आणि मग सराव म्हणून त्या जंगलातल्या एका झोपडीत पेटी उघडायला गेल्या.

पेटीचं कुलूप गुन्वोरने पाव भाग उघडलं. बार्ब्रोने पाव उघडलं. सोल्वेगने पाव उघडलं. इंगेगेर्डने पाव उघडायच्या आत पहिलं पाव परत बंद झालं! या खडखडाटाने झोपडीतलं पाळीव बदक जागं झालं.

“बदकच आहे, हाकला!” गुन्वोर म्हणाली.

चौघींनी तलवार मारली. बदकाचं एक पीस उडालं. चौघींनी आग फेकली. काडेपेटीतली ओली काडी ओढावी तसं फुस्स झालं. बदक चावलं. चौघींनी एकमेकींना थोडं थोडं मलम लावलं, खरचटल्यावर आई फुंकर घालते ना, तेवढंच. बदक पुन्हा चावलं. आणि मग एकामागून एक, चेटकिणींना पळवून लावणाऱ्या, लुटारूंना शरण आणणाऱ्या त्या चार वीरांगना झोपडीच्या दारात आडव्या झाल्या! बदक सोल्वेगच्या अंगावर चढून बसलं आणि पडदा काळा झाला.

“बदकाने मारलं आपल्याला?” बार्ब्रोने चष्मा काढून पुसला.

“बदकाने,” इंगेगेर्ड म्हणाली. “आणि रविवारी ड्रॅगन आहे!”

जिन्यात सिक्स्टेनने तोवर सूचना लावली होती. रविवारी दुपारी तळघरात सोसायटीची जादा सभा, मसाल्याची गरम वाइन आणि केशराचे पाव मिळतील, खुर्ची ज्याची त्याने आणावी. खाली विषय: ‘ड्रॅगन, आणि त्यानंतर खोली.’ शिवाय एका यंत्राचं रंगीत चित्र चिकटवलेलं. त्यावर एक तरुण माणूस धावत होता आणि हसत होता. गुडघे धड असलेल्या माणसाला हसायला काय जातं!

इंगेगेर्डने ते चित्र पाहिलं. हे यंत्र कुठे येणार, ते तिला डोळ्यांसमोर दिसलं. बरोबर तिच्या खुर्चीच्या जागी! ती तरातरा खाली आली. तिघीजणी तिथेच बसल्या होत्या.

“ऐका,” ती म्हणाली. “मी हरले. ठराव नको, सभा नको, मी पुढारीही नको. सगळ्यांकडे खोलीची किल्ली आहे. प्रत्येकीने रविवारच्या आत एकटीने खाली यावं, विहिरीचं पाणी प्यावं आणि मनापासून जे व्हावंसं वाटतं, ते व्हावं. सोल्वेग, तू पेटव. बार्ब्रो, घे तलवार. गुन्वोर, तुला नाचायचं असेल तर नाच! कोणी कोणाला विचारायचं नाही आणि दुसरीच्या गुणांचं पान उघडून बघायचं नाही.”

“बघेल कोण!” बार्ब्रो दुखावली. “दुसरीचं पान बघायचं म्हणजे दुसरीची पत्रं वाचल्यासारखं.”

हे सगळ्यांना पटलं.

शुक्रवारी सकाळी इंगेगेर्ड एकटी खाली आली. शेजारी कोणाची तरी चादर यंत्रात गरगरत होती. तिने पडद्यावरच्या स्वतःच्या बाईला विहिरीवर नेलं. पाणी पाजलं. आणि तलवारीकडे बोट गेलं, ते तिथेच थांबलं.

आता तिघी काय निवडणार हे तर उघडच होतं. बार्ब्रो तलवार घेणार, सोल्वेग आग, गुन्वोर कुऱ्हाड नाहीतर गाणं. तिघी मिरवणार, तिघी पुढे धावणार. मग मागे जखमा कोण बांधणार?

“एव्हर्ट,” ती टीव्हीकडे बघत म्हणाली, “हसू नकोस.”

आणि एक सुस्कारा सोडून तिने आपले सगळे, अगदी सगळे गुण मलमावर घातले. झोळी परत खांद्यावर! मनात कुठेतरी टोचलं. पण वर जाताना जिन्यात तिला सोल्वेग गुणगुणत उतरताना दिसली. दुपारी गुन्वोर उगाचच मटणाच्या गोळ्यांचा डबा देऊन गेली. संध्याकाळी बार्ब्रोने तिला जिन्यात थांबवून, “तू चांगली आहेस ग,” असं कारण नसताना सांगितलं. बघा, इंगेगेर्डला वाटलं, मनासारखं मिळालं की माणसं कशी फुलतात!

रविवारी तळघर भरलं. खुर्च्या, स्टुलं, एकाने तर घरातला पायाखाली घ्यायचा लाकडी पाट आणला होता. खिडकीत कागदाची चांदणी लागली, नाताळपर्यंतच्या चार मेणबत्त्यांतली पहिली पेटली. तिसऱ्या मजल्यावरची तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन आली. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा उंच माणूस आला, ज्याला बिल्डिंग इतकी वर्षं फक्त ‘वरचा’ म्हणून ओळखत होती. सिक्स्टेन पहिल्या रांगेत, हातात हातोडा, मांडीवर यंत्राचं चित्र.

“सुरू करा,” त्याने हातोडा ठोकला.

टोळी गुहेत शिरली. मागे धाडकन दगडी दार बंद झालं. आता परत विहिरीवर जाणं नाही! समोर ड्रॅगन उठला. केवढा तो! नुसतं डोकंच टीव्हीत मावेना. बाळाने भोकाड पसरलं. पडद्याच्या वरच्या बाजूला ड्रॅगनच्या जिवाची लांबलचक लाल पट्टी झळकली.

“बार्ब्रो, हाण!” इंगेगेर्ड ओरडली. “तलवार!”

बार्ब्रोने बटण दाबलं. पडद्यावरची बार्ब्रो पुढे झाली, झोळीत हात घातला आणि मलम ढवळायची लाकडी पळी बाहेर काढली. ती तिने ड्रॅगनच्या नखावर टकटक वाजवली. दार ठोठावल्यासारखी!

इंगेगेर्ड उठून पडद्याजवळ गेली.

“हे काय आहे?” इंगेगेर्डने विचारलं.

“मी...” बार्ब्रो लाल झाली. “मी म्हटलं, तुम्ही तिघी मिरवाल, मग मलम कोण लावणार? म्हणून मीच घेतलं.”

“तू घेतलंस? अगं, मी घेतलंय!”

“तू?” गुन्वोर खुर्चीतून उठली. “इंगेगेर्ड, तू तलवार सोडलीस? अगं बाई, मलम तर मी घेतलंय! मला वाटलं, मीच नेहमी आवाज करते, एकदा मागे उभी राहीन.”

सगळ्यांनी सोल्वेगकडे पाहिलं. आता सगळी भिस्त तिच्या आगीवर!

सोल्वेगने विणकाम मांडीवर ठेवलं. “मला पेटवायचं होतं,” ती म्हणाली. “अगदी बोट ठेवलं होतं. पण मग वाटलं, कोणाला भाजलं तर?”

म्हणजे टोळीत चार मलमवाल्या! मारणारी एकही नाही.

“अरे देवा, एव्हर्ट,” इंगेगेर्ड पुटपुटली. तिच्या डोळ्यांपुढे ते हसत धावणाऱ्या माणसाचं यंत्र आलं.

ड्रॅगनने श्वास घेतला आणि गुन्वोरला चावला. असा चावला, की प्रेक्षकांत कोणाच्या तरी हातातला पेला पडला. गुन्वोरच्या जिवाची पट्टी एवढीशी, नखाएवढी उरली.

“सोल्वेग, बघ तिला!” सवयीने इंगेगेर्ड ओरडली.

सोल्वेगने बटण दाबलं. गुन्वोर टुणकन उठली! पट्टी भरून वाहिली. ड्रॅगन सोल्वेगला चावला. बार्ब्रोने तिला उठवलं. ड्रॅगनने चौघींवर एकदम आग ओकली. चौघींनी एकमेकींना मलम लावलं आणि अंघोळ करून आल्यासारख्या टवटवीत उभ्या राहिल्या! मधल्या वेळात कोणाचा हात रिकामा असला, तर ती ड्रॅगनला एक पळी वाजवून यायची. त्याची लाल पट्टी केसाएवढी कमी व्हायची. केसाएवढीच!

ड्रॅगनला त्यांना मारता येईना. त्यांना ड्रॅगनला मारता येईना.

पहिली वाइनची किटली संपली. दुसरी आली. बाहेर अंधारलं. ‘वरचा’ माणूस आपणहून उठला आणि सगळ्यांना कॉफी ओतू लागला. तेव्हा कळलं, की त्याचं नाव यालमार आहे आणि त्याला केशराचे पाव फार आवडतात. बाळ गुन्वोरच्या मांडीवर झोपलं, त्यामुळे गुन्वोरची बटणं तिच्या सांगण्यावरून बाळाची आई दाबू लागली. कोणी बाजी लावली, कोणी विणायला घेतलं. घरी कोणीच जाईना. आपण गेलो आणि नेमका ड्रॅगन मेला तर?

आणि सिक्स्टेन? तो आधी घड्याळ बघत होता. मग खुर्चीच्या टोकाला आला. मग उभाच राहिला.

“सोल्वेग! सोल्वेग, बार्ब्रोला बघ! अगं ती चालली! लाव, लाव मलम!” असं ओरडून त्याने हातोडा हवेत फिरवला. बार्ब्रो वाचली. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि मग त्याला एकदम आठवलं, की आपण अध्यक्ष आहोत.

“तर,” त्याने घसा खाकरला. “ड्रॅगन मेला का?”

“नाही,” इंगेगेर्ड म्हणाली.

“टोळी मेली का?”

“नाही!” खोली एका आवाजात ओरडली.

सिक्स्टेनने हातातल्या कागदाकडे पाहिलं. तो नियमांचा माणूस. ड्रॅगन मेला तर एक, टोळी मेली तर दुसरं, असं लिहिलं होतं. दोघंही जिवंत आणि वर ठणठणीत राहिले तर काय, याची सोय कोणी केलीच नव्हती.

“मला वाटतं,” यालमार किटली हातात धरून म्हणाला, “लढाई संपेपर्यंत विषय तहकूब करावा. संपली की पुन्हा सभा. तोवर खोली आहे तशी राहू दे.”

“मत घ्यायचं?” सिक्स्टेनने विचारलं.

“आधी गुन्वोरला मलम!” बाळाची आई किंचाळली.

गुन्वोरला मलम लागलं, मग मत घेतलं. सगळे हात वर. सिक्स्टेनचाही! खेळ होता तिथे थांबवला, ड्रॅगनचा जबडा अर्धा उघडा.

इंगेगेर्डने कपबशा गोळा केल्या, पण न्यायला नव्हे, धुवायला. हात साबणात असतानाच तिला हसू फुटलं. एव्हर्टचा नियम खरा होता. चौघांनी चारही कामं केली, की चौघं मरतात. पण चौघांनी एकच काम केलं तर काय होतं, हे त्याने कधी करून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर बुधवारी लढाई चालू राहते. इंगेगेर्डच्या खुर्चीशेजारी आता यालमारची खुर्ची असते, बाळ चालायला लागलं आहे, आणि सिक्स्टेन सगळ्यांच्या आधी येऊन टीव्ही लावतो. यंत्राचं चित्र त्याने गरम किटलीखाली ठेवायला आणून दिलं. गुडघ्याचं म्हणाल, तर तळघराच्या पायऱ्या चढून-उतरून तो बरा आहे म्हणे.

एक गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवत नव्हतं. पळीने टकटक करून, केस केस करून, ड्रॅगनची पट्टी झिजत चालली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर एका बुधवारी, बाकीचे लोक यायच्या आत सिक्स्टेनने टीव्ही लावला आणि त्याचा चेहरा पडला.

“इंगेगेर्ड! इकडे ये आधी! हा बघ किती राहिलाय!”

लाल पट्टी उरली होती करंगळीच्या नखाएवढी. आणखी दोन टकटक, की ड्रॅगन खलास! आणि ड्रॅगन गेला की लढाई संपली, लढाई संपली की सभा, सभा झाली की पुन्हा तो खोलीचा विषय.

सिक्स्टेनने दाराकडे एक नजर टाकली.

“तुमचं ते मलम,” सिक्स्टेन आवाज खाली करून म्हणाला, “फक्त आपल्याच माणसांना लागतं, की...?”

पहिल्या अ‍ॅडव्हेंटला, अख्ख्या बिल्डिंगच्या देखत ड्रॅगन मारणार होती ती इंगेगेर्ड. तिने उठून दार लोटलं. झोळी उघडली आणि ड्रॅगनच्या अंगभर, शेंड्यापासून शेपटीपर्यंत, छान चोळून मलम लावलं. लाल पट्टी काठोकाठ भरली. ड्रॅगनने आळस दिला आणि कृतज्ञतेने तिलाच चावला.

“तिघींना सांगू नकोस हं,” ती म्हणाली.

“छे!” सिक्स्टेन म्हणाला. “पण मागच्या महिन्यात सोल्वेगनेही मला हेच सांगितलं होतं. आणि त्याच्या आधी बार्ब्रोने.”